थोरल्या धोंड्याला एक तांब्या कमी

किती जुनी गोष्ट ते विचारू नका. मला ती सांगितली गेली तेव्हाच ती जुनी होती, आणि सांगणाऱ्याचे दात तेव्हाच पडून गेले होते. तर अशाच एका फार जुन्या काळी डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. राज्यात एक राजा होता, बारा गावं होती आणि साऱ्यांना मुठींच्या लढतीचं भारी वेड होतं.

दरवर्षी फाल्गुनात नदीचं पाणी ओसरलं की वाळवंटात जत्रा भरे. हातांना सुती पट्ट्या गुंडाळून दोन गडी रिंगणात उतरत आणि दोघांपैकी एक जण खाली बसेपर्यंत एकमेकांना ठोसे हाणत. घरी करून बघावा असा हा खेळ नव्हे, हे बालमित्रांना आधीच सांगून ठेवतो.

आता तगड्या माणसाने बारक्याला बडवलं तर त्यात कसली मजा? म्हणून तिथे एक रीत होती. रिंगणाशेजारच्या वडाला एक मोठा तराजू टांगलेला असे. एका पारड्यात लढणारा बसे, दुसऱ्यात धोंडा ठेवत. धोंडे तीन होते: धाकटा, मधला आणि थोरला. धाकट्याहून जो जड नाही तो धाकट्यात लढे, मधल्याहून जो जड नाही तो मधल्यात. थोरल्यात लढायचं असेल तर मात्र आपलं पारडं जमिनीला टेकायला हवं, म्हणजे अंगात निदान थोरल्या धोंड्याइतकं वजन हवं.

आणि कोणी मधल्याला जड नि थोरल्याला हलका निघाला तर? त्याने त्या वर्षी शेंगा खात लढती बघायच्या. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण तराजू सांभाळणारा म्हातारा काटेकरी तो डोळ्यांत तेल घालून पाळत असे. त्याच्यापुढे राजाच्या मेव्हण्याचीही डाळ शिजली नव्हती.

मधल्या धोंड्यात सलग सात वर्षं एकच माणूस जिंकत आला होता. विहिरींतला गाळ काढायचा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला विहीरकरी म्हणत. बाराही गावांतल्या विहिरींचे तळ त्याच्या पायांना ठाऊक होते. निसरड्या, अडचणीच्या जागेत वर्षानुवर्षं फावडं चालवून त्याचे पाय आणि खांदे असे तयार झाले होते, की समोरच्याला तो नीट दिसायच्या आधी त्याचा ठोसा लागलेला असे.

विहिरीत तो दोराने उतरे. दोर रहाटावरून खाली सोडलेला, काठावरच्या लाकडी खुंट्याला त्याचा एक वेढा, आणि शेवटचं टोक बायकोच्या हातात. लग्न झाल्यापासून तिने ते टोक दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नव्हतं. विहिरीत आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. म्हणून खालून दोराला एक हिसका आला की सोड, दोन आले की थांब आणि तीन आले की मला बाहेर काढ, अशी त्या दोघांची भाषा ठरलेली होती.

नवऱ्याचं वजन किती असं कोणी विचारलं असतं तर तिला ते शेरा-मणात सांगता आलं नसतं. तिच्या हातांना मात्र ते पाठ होतं. दोरावर त्याचा भार आला की ती मनात म्हणे, हां, हेच माझं माणूस. मगच ती पहिली वीत सोडे.

सातव्या वर्षी काय झालं ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

विहीरकऱ्याने समोरच्याला तिसऱ्या ठोशात खाली बसवलं. राजा मानाचा फेटा बांधायला उठला. फेट्याचा एक वेढा झाला, दुसरा झाला, आणि राजाला जांभई आली. साधीसुधी नव्हे, चांगली लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई. विहीरकऱ्याच्या गावाने ती दुरून पाहिली. विहीरकऱ्याने ती एका हाताच्या अंतरावरून पाहिली.

दरवर्षी जत्रेहून परतताना गाव हलग्या वाजवत येई. त्या वर्षी हलग्या काखेत होत्या.

"महाराज कंटाळले," पाटील चावडीवर म्हणाला. पाटील मनाने वाईट नव्हता. गावाच्या अब्रूची काळजी मात्र तो गरजेपेक्षा जास्त करी.

"कंटाळणार न्हाईत तर काय," न्हावी म्हणाला. "सात वर्सं त्योच गडी, त्योच फेटा. बाकीच्या गावांतली पोरं आता मधल्यात उतरायला तयार न्हाईत. औंदा चौघंच आली हुती. त्यातला एक तर घरी सासू आलीय म्हणून आला हुता."

हे मात्र खरं होतं. बाकीच्या गावांत आता उघड बोलत, की विहीरकरी बारक्यांना बडवून मोठा झालाय, दम असेल तर थोरल्यात येऊन दाखव म्हणावं. बोलणारे चिडलेले होते, पण त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. ज्या दारातून सात वर्षं एकच माणूस आत जातो, तिथे बाकीचे रांग लावायचं सोडून देतात.

थोरल्यात कोण होता, तेही सांगतो. चुन्याच्या भट्टीवर दगड वाहणारा एक आडवातिडवा गडी होता, त्याला भट्टीवाला म्हणत. त्याने एकदा एकाच्या कानशिलावर ठोसा हाणला होता. त्या माणसाशी पुढे लोकांना खुणांनी बोलावं लागे.

"काय रं, जाशील का थोरल्यात?" पाटलाने विचारलं.

विहीरकऱ्याच्या डोळ्यांपुढे ती जांभई आली. सात वर्षं कोणाचा ठोसा त्याला झोंबला नव्हता इतकी ती त्याला झोंबली होती.

"जाईन की," तो म्हणाला.

पाटलाने विचारलं, न्हाव्याने विचारलं, शेळ्या राखणाऱ्याने वाटेत थांबवून विचारलं. विचारलं नाही ते फक्त शेळ्यांनी. आणि जिच्या हातात दोराचं टोक होतं तिला कोणीच विचारलं नाही. गावाने नाही, आणि विहीरकऱ्यानेही नाही. एवढं मनात ठेवा आणि पुढे ऐका.

विहीरकऱ्याला थोरल्या धोंड्याइतका जड करायचं गावाने अंगावर घेतलं. घरागणिक पाळ्या लागल्या. सोमवारी सुताराकडची पुरणपोळी, मंगळवारी तेल्याकडचे तिळाचे लाडू, बुधवारी गवळ्याकडचं म्हशीचं निरसं दूध, गुरुवारी पाटलाकडे तुपात भिजवलेला शिरा. ज्यांच्या घरी लोण्याची वानवा होती त्यांनीसुद्धा पोराबाळांच्या तोंडचं लोणी त्याला दिलं. प्रेमाने दिलेला घास मागे सारायला जे बळ लागतं ते त्याच्या खांद्यांत नव्हतं. तो खात गेला.

दिवाळीपर्यंत त्याच्या बंडीची बटणं लागेनात. संक्रांतीपर्यंत त्याच्या हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली. गाव खूश झालं. पोटावर हात फिरवून लोक म्हणत, "वा, भरतंय, भरतंय." जणू तो माणूस नव्हता, धान्याची कणगी होती.

एकदा काटेकरी म्हातारा वाटेवर भेटला. त्याने विहीरकऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वजन वाढलंय तुझं," म्हातारा म्हणाला. "ठोसा वाढलाय का?"

विहीरकरी हसला. रात्रीचं जेवण अजून पचायचं होतं, त्यामुळे तो फार वेळ हसू शकला नाही.

माघात गावची थोरली विहीर गाळाने भरली. खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा, पण पोहऱ्यातून चिखल यायला लागल्यावर थांबणार कोण? विहीरकऱ्याने दोर कमरेला बांधला आणि काठावरून पाय खाली सोडले.

बायकोच्या हातांत दोर ताणला गेला. हे वजन तिच्या ओळखीचं नव्हतं. खुंटा करकरला. तिने टाचा मातीत रोवल्या, अंग मागे टाकलं आणि एकेक वीत सोडू लागली. निम्म्यात गेल्यावर खुंट्यावरचा वेढा सरकला आणि दोर तिच्या तळहातांतून सर्रकन निघाला. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतका खोल, तो तसाच धावला. दोर सोडून दिला असता तर तिचे हात वाचले असते. तिने सोडला नाही.

खाली विहीरकरी हिसका बसून भिंतीला आपटला, पण थांबला. त्याच्या पायांखाली अजून चार पुरुष खोली होती आणि तळाला खडक होता.

वर आल्यावर त्याने विचारलं, "काय झालं गं?"

"येढा सरकला जरा," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

रात्री जेवताना त्याने तिच्या तळहातांना हळद लावलेल्या चिंध्या बांधलेल्या पाहिल्या.

"हे काय?"

"तव्याचा चटका बसला."

"जपून काम करत जा," तो म्हणाला, आणि पाळीचा लाडू तोंडात टाकला. खोटं वाटण्याइतकं त्याचं लक्षच नव्हतं. जत्रेला पंधरा दिवस उरले होते.

जत्रेच्या दिवशी वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या धोंड्याचा विजेता थोरल्यात उतरणार, ही बातमी बाराही गावांत झाली होती. आणि गंमत बघा, तो मधल्यात नाही म्हटल्यावर मधल्या धोंड्यासाठी एकोणीस गडी आले होते. सात वर्षं अंथरुणाखाली दडपून ठेवलेल्या सुती पट्ट्या बायकांनी धुऊन दिल्या होत्या.

राजा वडाच्या सावलीत बसला होता. पलीकडे भट्टीवाला हातांना पट्ट्या बांधून उभा होता. तो कोणाकडेच बघत नव्हता.

काटेकऱ्याने थोरला धोंडा पारड्यात चढवला. तो चढवायला चार माणसं लागत. दुसऱ्या पारड्यात विहीरकरी बसला. दोर ताणले, फांदी कुरकुरली, पारडं खाली आलं, आणखी खाली आलं, आणि जमिनीपासून चार बोटांवर थांबलं.

काटेकरी गुडघ्यांवर बसला, पारड्याखाली त्याने बोटं घालून पाहिली आणि उठला.

"एक तांब्याभर कमी हाय," तो म्हणाला.

विहीरकऱ्याला एकदम हलकं वाटलं. किती महिने आपण भीत होतो ते त्याला त्या क्षणी कळलं. भट्टीवाल्याच्या मुठीची भीती, पाटलाच्या शिऱ्याची भीती, नाही म्हणायची भीती, सगळ्या एकदम उतरल्या. चार बोटं अंतर उरलं म्हणून एखाद्या पैलवानाला आनंद व्हावा हे लाजिरवाणं होतं, पण त्याला झाला. आणि झाला म्हणून शरमही वाटली.

"तांब्याभरच ना?" पाटील ओरडला. "मग पानी पी की तांब्याभर. पोटात गेलं ते अंगातलं, असाच नियम हाय ना काटेकरी?"

"तसाच हाय," काटेकरी म्हणाला. "पारड्यात बसून प्यायलं तरी चालतंय."

पाटलाने तांब्या भरून आणवला आणि विहीरकऱ्याच्या बायकोच्या हातात दिला. "तुझ्या हातनं दे पोरी. शुभ असतंय."

भरलेला तांब्या एका हाताने पेलत नाही. तिने पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले आणि तांब्या नवऱ्यापुढे धरला. उजव्या हातावरची चिंधी सैल झाली आणि गळून पडली.

विहीरकऱ्याने तांब्या घेतला. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

तव्याचा चटका बोटांच्या पेरांना बसतो. हा व्रण तळहातात आडवा होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दोराच्या जाडीचा. असा व्रण कशाने होतो हे त्या वाळवंटावर त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. माघातला तो हिसका त्याला आठवला. दोन पुरुष खोल तो पडला होता, आणि उरलेले चार पुरुष पडला नव्हता. का पडला नव्हता, ते आता त्याच्या समोर होतं.

"पी की रं," पाटील म्हणाला.

"पी, पी," गाव ओरडायला लागलं. ज्यांनी लोणी दिलं होतं ते सर्वांत मोठ्याने ओरडत होते.

विहीरकऱ्याने तांब्यात पाहिलं. हे पाणी प्यायलो तर आज लढेन, त्याच्या मनात आलं. जिंकलो तर पुढच्या वर्षी पुन्हा थोरल्यात, आणखी शिरा, आणखी लाडू. आणि चैत्रात विहिरी. ती काही म्हणायची नाही. टाचा रोवून उभी राहील, आणि एक दिवस तिच्या हातांना दोर धरवणार नाही. त्या दिवशी मी तळाला जाईन आणि ती काठावर बसून आयुष्यभर स्वतःला दोष देईल.

त्याने तांब्या मांडीवर ठेवला. दुसरा हात वर करून पारड्याचा दोर धरला आणि त्याला हिसका दिला. मग दुसरा. मग तिसरा.

गर्दीला काही कळलं नाही. पाटलाला वाटलं, गडी पारडं खाली ओढून लबाडी करतोय. काटेकरी भुवया चढवून बघत राहिला. त्या सगळ्या माणसांत एकट्या बायकोला ती भाषा कळली. ती पुढे झाली, मनगटाने त्याच्या दंडाला आधार दिला आणि त्याला पारड्यातून बाहेर काढलं.

"हा तांब्या तहान लागली असंल त्याला द्या," विहीरकरी म्हणाला. "मी थोरल्यात लढत न्हाई."

नंतर जो गलका झाला तो सांगत बसत नाही. पाटील मटकन वाळूत बसला. मग उठला, पागोटं सारखं केलं आणि तडक राजापुढे जाऊन उभा राहिला. काही झालं तरी गावचा पाटील होता, तोंड लपवणारा नव्हता.

"महाराज, आमचं चुकलं," तो म्हणाला. "गेल्या वर्साला आमच्या गड्याला फेटा बांधताना आपल्याला जांभई आली. म्हणून आम्ही त्याला थोरल्यात पाठवायला निघालो. वर्सभर खाऊ घातलं. पर आज तो नको म्हनतोय. आपला पुन्हा हिरमोड झाला. माफी असावी."

राजा त्याच्याकडे बघतच राहिला.

"जांभई?" राजा म्हणाला. "अहो पाटील, मला रोज दुपारी जेवणानंतर जांभई येते. दरबारात येते, देवळात येते. राणीसाहेबांना विचारा, आमच्या लग्नात अक्षता पडताना आली होती."

राणीने मान हलवली. ती हे बरेच दिवस कोणाला तरी सांगायची वाट पाहत असावी.

"तुमच्या गड्याची लढत तर मला फार आवडते," राजा पुढे म्हणाला. "लवकर संपते. नंतर मला पडता येतं."

मग काटेकरी म्हातारा हसायला लागला. तो हसला म्हणून न्हावी हसला, आणि मग सगळं वाळवंट हसलं. पाटील शेवटी हसला, पण सर्वांत जास्त वेळ तोच हसत होता. वर्षभर गावाच्या अब्रूचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं, आणि ते उतरवायला इतकं सोपं निघालं म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यात भट्टीवाला आला आणि विहीरकऱ्याशेजारी वाळूत बसला. त्याने दातांनी हातांवरच्या पट्ट्यांच्या गाठी सोडल्या.

"चार महिने झालं, मला भाकर गोड लागली न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या हाताचा झपाटा मी बघितलाय. हरायचं भ्या न्हवतं. पर वजनानं तुझा हात जड झाला असंल, तू चुकशील आणि माझा ठोसा तुझ्या कानशिलावर बसंल, ह्येचं भ्या हुतं. एकाचा कान गेला माझ्या हातनं. अजून त्यो सपनात येतो आणि मला काय तरी सांगतो, पर मला ऐकू येत न्हाई."

विहीरकऱ्याने शेंगांची पुडी पुढे केली.

"मीबी मधल्यातनंच वर आलो," शेंग फोडत भट्टीवाला म्हणाला. "पर मला नऊ वर्सं लागली. दगडं वाहिली, तसतसा जड झालो. माझ्या कामाला जडपणा लागतो, आन माझं वजन कुणाच्या हातावर न्हवतं. तुझं काम येगळं हाय."

त्या दिवशी मधल्या धोंड्यात एकोणीस गडी लढले आणि सर्वांत लहान गावचा टोपल्या विणणारा एक बुरूड जिंकला. त्या गावात एकूण अकरा घरं होती आणि आजवर एकही फेटा तिथे गेला नव्हता. राजाने फेटा बांधताना मोठी जांभई दिली, तेव्हा त्या अकरा घरांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. विहीरकरी मधल्याला जड आणि थोरल्याला हलका होता, त्यामुळे नियमाप्रमाणे शेंगा खात बसला होता. दुसऱ्याची लढत मनात भीती न ठेवता बघायला इतकी मजा येते हे त्याला आठ वर्षांनी कळत होतं.

घरी परतताना बैलगाडीत त्याने बायकोला विचारलं, "का न्हाई सांगितलंस?"



"तुम्ही विचारलं न्हाईत," ती म्हणाली.

त्याने तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि गाव येईपर्यंत तसेच ठेवले.

पाळ्या दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. ज्या घरांतलं लोणी गेलं होतं त्या घरांत पोरं पुन्हा लोणी खाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर त्या घरांनाही हायसं वाटलं. विहिरींचा हंगाम तोंडावर होता, पण वजन उतरेपर्यंत खाली जायचं नाही असं विहीरकऱ्याने ठरवलं. त्याचा मेहुणा किडकिडीत होता. चैत्रात आणि वैशाखात तो उतरला, आणि दोराचं टोक विहीरकऱ्याने स्वतः धरलं. बायको शेजारी बसून सांगत होती, टाच अशी रोवा, वेढा असा बघा, दोर बोटांत नको, मुठीत धरा.

पहिल्याच दिवशी त्याला कळलं की खाली जाणाऱ्याला फक्त गाळ दिसतो. दोर धरणाऱ्याला पापणी लववता येत नाही, खोकला आला तरी दाबावा लागतो, आणि जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते त्याला तिथे उभं राहून समजलं. संध्याकाळी त्याने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. आपली बायको हे सारं किती वर्षं करत आली हे त्याने मनात मोजलं, आणि मग मोजायचं सोडून दिलं.

पुढच्या वर्षांचं आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. विहीरकरी पुढच्या फाल्गुनात मधल्या धोंड्याला बसला आणि नीट बसला. बुरूड आणि तो रिंगणात भेटले. त्या वर्षी बुरूड जिंकला. पुढच्या वर्षी विहीरकरी जिंकला. नंतर कधी हा, कधी तो, कधी तिसराच कोणी. मधल्या धोंड्याची लढत बघायला आता थोरल्याहून जास्त गर्दी होऊ लागली. थोरल्यात ये असं त्याला नंतरही कोणी ना कोणी म्हणे. तो म्हणे, "घरी विचारून सांगतो." विचारणारा हसे. तो हसत नसे.

पण गोष्ट तिथे संपत नाही, ती त्याच वर्षीच्या ज्येष्ठात संपते. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता आणि गावची एक विहीर उरली होती. मेहुणा आपल्या गावी परतला होता. बायकोच्या तळहातांवर नवी कातडी आली होती, फिकी पण घट्ट.

विहीरकऱ्याने कमरेला दोर बांधला. काठावर बसून त्याने आधी तिच्याकडे पाहिलं.

"उतरू का?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. तिने खुंट्यावरचा वेढा तपासला, टाचा रोवल्या आणि मान हलवली. त्याने पाय सोडले. दोर ताणला, तिच्या हातांत भार आला, आणि तिने डोळे मिटून तो जोखला. खुंटा करकरला नाही.

"हां," ती या वेळी मोठ्याने म्हणाली. "हेच माझं माणूस."

तिचा जीव भांड्यात पडला. खालून एक हिसका आला आणि तिने पहिली वीत सोडली.

तात्पर्य: वर चढावं की आहे तिथे राहावं हे जगाच्या जांभईवरून ठरवू नये, आपला दोर ज्याच्या हातात आहे त्याला विचारून ठरवावं.